मार डोक्याला, घोर घराला

अपघातानंतरचे पहिले काही दिवस घरात एकच प्रश्न असतो : वाचेल ना? मग व्हेंटिलेटर निघतो. पोरगा डोळे उघडतो, आईला ओळखतो, नाकातली नळी जाऊन चमच्याने पेज घेऊ लागतो. न्यूरोसर्जन सांगतात, धोका टळला. नवस फेडले जातात, सोसायटीत पेढे वाटले जातात. टाके कधी काढायचे, फिटची गोळी किती दिवस द्यायची, पुन्हा दाखवायला कधी यायचं, हे सगळं डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं. पुढच्या पाच-सहा महिन्यांत घरात जे होणार असतं, त्याबद्दल त्या कार्डावर बहुधा एक ओळही नसते.

ते साधारण असं असतं. मुलगा पंधरा वर्षांचा. केस पुन्हा वाढलेत, व्रण झाकला गेलाय, चालणं सरळ, बोलणं स्पष्ट. पाहुणे म्हणतात, ‘काही झालं होतं असं वाटतच नाही!’ आणि हाच मुलगा आजीने ‘आंघोळ झाली का रे?’ एवढं विचारलं की ताट भिरकावतो. दप्तर भरायला सांगितलं तर अर्धा तास पलंगावर नुसता बसून राहतो. दुसऱ्यांदा सांगितलं तर शिवी हासडतो. मोबाइल काढून घेतला की दारावर लाथ. संध्याकाळी मात्र काही घडलंच नाही अशा थाटात ‘आई, भूक लागलीय’ म्हणत ओट्याशी उभा. वडील म्हणतात, लाडावलाय. मामा म्हणतो, दोन ठेवून द्या. वर्गशिक्षिका म्हणतात, हुशार आहे हो, पण फार आगाऊ झालाय. आई काहीच म्हणत नाही, कारण तिच्या मनात आलेलं वाक्य बोलायची तिला भीती वाटते : हा आमचा तो नव्हेच.

हे चित्र कुणा एका घराचं नाही. डोक्याला जबर मार बसलेल्या मुलांच्या पालकांकडून जगभरच्या दवाखान्यांत ऐकू येणाऱ्या तक्रारी एकत्र केल्या तर हेच चित्र उभं राहतं. शरीराची भरपाई लवकर दिसते. वागण्यातली तूट मागे राहते आणि घराला सगळ्यात जास्त तीच थकवते. त्यात वय असं, की धड मुलाचे आणि धड मोठ्याचे कुठलेच नियम लागू नाहीत. मग रोज एकच कोडं पडतं : हा मार बोलतोय की हे वय बोलतंय? याला जमत नाहीये, की हा मुद्दाम करतोय?

सहा किलोची पहार

या कोड्याचा इतिहास १३ सप्टेंबर १८४८पासून सांगायची पद्धत आहे. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात कॅव्हेंडिश गावाजवळ रेल्वेमार्गासाठी खडक फोडण्याचं काम चालू होतं. फिनियस गेज हा २५ वर्षांचा मुकादम सुरुंगाच्या भोकात दारू ठासत असताना ठिणगी उडाली. हातातली सुमारे एकशे दहा सेंटिमीटर लांब, तीन सेंटिमीटर जाड आणि सहा किलो वजनाची लोखंडी पहार त्याच्या डाव्या गालाखालून घुसून टाळूतून बाहेर पडली आणि दूर जाऊन आदळली. गेज बैलगाडीत ताठ बसून गावातल्या मुक्कामाच्या हॉटेलात गेला. डॉ. जॉन हार्लो यांनी त्याच्यावर उपचार केले आणि तो जगला.

पुढची हकिगत हार्लोंनी १८६८मध्ये प्रसिद्ध केली. अपघाताआधी नेमस्त, कामसू आणि मालकांचा लाडका असलेला हा माणूस आता लहरी, हट्टी आणि शिवराळ झाला होता. बेत आखायचा आणि सोडून द्यायचा. मनाविरुद्ध कुणी काही सांगितलं तर ऐकून घ्यायचा नाही. रेल्वेच्या ठेकेदारांनी त्याला मुकादमाच्या जागेवर परत घेतलं नाही. मित्र म्हणू लागले, हा आपला गेज नाही.

मानसशास्त्राच्या पुस्तकांत गोष्ट बहुतेक वेळा इथेच थांबते. तिचा उत्तरार्ध ऑस्ट्रेलियातले मानसशास्त्रज्ञ माल्कम मॅकमिलन यांनी कागदपत्रं धुंडाळून पुढे आणला. गेज १८५२मध्ये चिलीला गेला आणि तिथे सुमारे सात वर्षं घोडागाडी हाकत राहिला. ही प्रवासी गाडी वाल्पराइसो ते सँटियागो अशा लांब वाटेवर चालायची आणि तिला सहा घोडे असायचे. पहाटे घोडे जुंपायचे, सामान लादायचं, प्रवाशांशी नीट बोलायचं, ठरलेल्या वेळी निघायचं आणि ठरलेल्या ठिकाणी थांबायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पूर्णपणे बेलगाम झालेल्या माणसाला हे काम महिनाभरही जमलं नसतं. १८६०मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत फिट येऊन येऊन तो वारला, तेव्हा तो ३६ वर्षांचा होता. मॅकमिलन यांचं म्हणणं असं, की गेज बऱ्याच अंशी सावरला होता आणि दिवसाची ती पक्की चाकोरी त्याला सावरायला कारणीभूत झाली असावी.

‘हट्टी, शिवराळ, ऐकत नाही’ हा त्या गोष्टीचा पहिला अर्धा भाग प्रत्येक घराला न सांगता कळतो. पण कामाचा आहे तो दुसरा भाग.

कळतं पण वळत नाही

कवटी बाहेरून गुळगुळीत असली तरी आतला तळ तसा नाही. कपाळामागे आणि कानशिलांच्या आत हाडांचे खडबडीत कंगोरे आहेत. वेगातली दुचाकी थांबते, डोकं थांबतं, पण आतला मेंदू क्षणभर पुढे जात राहतो आणि या कंगोऱ्यांवर घासला जातो. त्यामुळे मार डोक्याच्या कुठल्याही बाजूला बसला तरी इजा पुष्कळदा कपाळामागच्या आणि कानशिलांच्या भागालाच होते. शिवाय मेंदू पिळवटला गेला की दूरदूरच्या भागांना जोडणारे बारीक तंतू ताणले जातात, तुटतात. हे तुटणं साध्या सीटी स्कॅनमध्ये दिसेलच असं नाही. ‘स्कॅन नॉर्मल आहे’ याचा अर्थ रक्तस्राव किंवा मोठी इजा दिसत नाही, एवढाच.

कपाळामागचा भाग करतो काय? सुरुवात करणं, थांबवणं, दोन गोष्टी एकाच वेळी मनात धरणं, बेत बदलला तर त्याच्याबरोबर बदलणं, आपलं काय चुकतंय हे स्वतःला दिसणं : ही सगळी देखरेखीची कामं त्याच्याकडे असतात. तो दुखावला तरी पाठ केलेला पाढा, इंग्रजी शब्द, मोबाइलवरचा गेम शाबूत राहू शकतात. बुद्ध्यांक चांगला येतो. म्हणून तर संशय बळावतो : हुशार आहे, म्हणजे मुद्दामच करतोय.

आता तीच सकाळ पुन्हा पाहा. दप्तर भरायला सांगितल्यावर तो बसून राहिला, कारण ‘दप्तर भर’ या दोन शब्दांत सात-आठ कामं दडलेली आहेत आणि पहिलं कुठलं हे त्याला सुचत नाही. हा आळस नव्हे. सुरुवात करणारी कळच सैल झाली आहे. ताट भिरकावलं तेव्हा राग आणि हात यांच्या मधला क्षण, ज्यात बाकीची माणसं स्वतःला आवरतात, त्याला मिळालाच नाही. ‘मी असं म्हणालोच नाही’ हे खोटं नसेलही. त्याला खरंच आठवत नसेल. आईचा काळजीने ओढलेला चेहरा त्याला रागावलेला दिसत असेल, कारण चेहऱ्यावरचे भाव वाचण्याची क्षमता अशा इजेनंतर कमी होते, हे अभ्यासांत आढळलं आहे. ‘मला काही झालेलं नाही’ असं तो ठासून सांगतो, त्यालाही बहुतेकदा उद्धटपणा म्हणता येत नाही. जो भाग स्वतःच्या चुका पाहतो, त्यालाच मार बसला आहे.

आयोवा विद्यापीठात १९९४मध्ये अँटॉइन बेकारा, अँटोनियो दमासिओ आणि सहकाऱ्यांनी पत्त्यांचा एक खेळ वापरून हे फार स्पष्टपणे दाखवलं. पत्त्यांचे चार गठ्ठे. दोन गठ्ठ्यांत घसघशीत बक्षिसं, पण त्याहून मोठे दंड. उरलेल्या दोनांत बक्षीस थोडं, पण शेवटी फायदा. धडधाकट माणसं काही डावांनंतर फायद्याच्या गठ्ठ्यांकडे वळतात. कपाळामागच्या खालच्या भागाला इजा झालेली माणसं तोट्याच्या गठ्ठ्यांतूनच पत्ते उचलत राहिली. कुठले गठ्ठे वाईट हे सांगता येऊ लागल्यावरही काही जण ते सोडू शकले नाहीत. नियम कळणं आणि ऐन वेळी नियम हाताशी येणं ही मेंदूची दोन वेगळी कामं आहेत.

म्हणून ‘महिनाभर मोबाइल बंद’ या शिक्षेचा उपयोग होत नाही. शिक्षा कामी येण्यासाठी कालची चूक, आजचा त्रास आणि उद्याचा मोह यांचा धागा मुलाला ऐन मोहाच्या क्षणी जोडता यायला हवा. नेमका तोच तुटला आहे. शिक्षेतून मुलगा इतकंच शिकतो, की घरातली माणसं आपल्यावर उठलेली आहेत.

लहान वयाचा फसवा दिलासा

‘लहान आहे, भरून निघेल’ हे वाक्य दवाखान्याच्या प्रत्येक बाकावर ऐकू येतं. त्याला शास्त्राचाही आधार होता. १९३०च्या दशकात मार्गारेट केनर्ड यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत लहान वयात झालेल्या इजेनंतर हालचाली अधिक चांगल्या परत आलेल्या दिसल्या. हालचालींबद्दलचं हे निरीक्षण पुढे सगळ्याच क्षमतांना लावलं गेलं. मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाल्यावर मात्र उलट चित्र दिसू लागलं. मेलबर्नमध्ये व्हिकी अँडरसन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासांत फार कमी वयात जबर इजा झालेल्या मुलांची प्रगती जास्त खुंटलेली आढळली.

कारण साधं आहे. मेंदूचा कपाळामागचा भाग सगळ्यात शेवटी, म्हणजे विशीच्या मध्यापर्यंत तयार होत राहतो. सहाव्या वर्षी त्याला धक्का बसला तर सहाव्या वर्षी विशेष काही जाणवत नाही, कारण त्या वयात आवर घालायला, आठवण करून द्यायला आई-बाबा असतातच. आठवी-नववीत शाळा, मित्र आणि घर स्वतःचं स्वतः सांभाळण्याची अपेक्षा करू लागतात, तेव्हा तूट उघडी पडते. सिनसिनाटीच्या मेगन नाराड आणि सहकाऱ्यांनी २०१८मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन ते सात वर्षं वयात डोक्याला मार लागून रुग्णालयात राहिलेल्या मुलांची तुलना हाड मोडलेल्या मुलांशी केली होती. जबर मार लागलेल्या मुलांत लक्ष न लागण्याचा आणि उतावळेपणाचा विकार कितीतरी अधिक दिसला. काहींमध्ये तो पहिल्यांदा लक्षात आला तो अपघातानंतर जवळपास सात वर्षांनी. तोवर घरातही अपघाताचा विषय मागे पडलेला असतो. नव्या शाळेच्या अर्जात तो कुणी लिहीत नाही.

आयोवाच्याच संशोधकांनी १९९९मध्ये दोन तरुणांची हकिगत प्रसिद्ध केली. एका मुलीला पंधराव्या महिन्यात गाडीखाली येऊन इजा झाली होती. एका मुलाच्या तिसऱ्या महिन्यात मेंदूतल्या गाठीची शस्त्रक्रिया झाली होती. दोघांची घरं सुशिक्षित आणि स्थिर, भावंडं व्यवस्थित. वाढत्या वयात दोघंही खोटं बोलू लागली, चोऱ्या-मारामाऱ्या करू लागली. शिक्षेचा काही परिणाम नाही, पश्चात्ताप नाही. इतक्या कमी वयातली इजा आणि पंधराव्या वर्षीचा अपघात यांत फरक आहे. पंधरा वर्षांच्या मुलाने बरं-वाईट आधी शिकलेलं असतं आणि ती शिदोरी बहुधा शिल्लक राहते. पण ‘संस्कार कमी पडले’ म्हणणाऱ्या नातेवाइकांना ही दोन घरं दाखवायला हरकत नाही.

भडक्याच्या आधीची दहा मिनिटं

मग करायचं काय? १९९०च्या दशकात न्यूयॉर्क राज्यात मार्क इल्व्हिसेकर आणि टिमथी फीनी यांनी मेंदूला मार बसलेल्या किशोरवयीनांबरोबर त्यांच्या शाळांत आणि घरांत काम केलं. त्यांची दिशा गेजच्या चाकोरीच्याच वाटेने जाते. वागून झाल्यावर काय करायचं, यापेक्षा वागण्याआधी काय असतं ते बदला. जे मेंदूच्या आत जमत नाही, ते काही काळ बाहेर मांडून ठेवा.

पहिलं काम नोंदीचं. एक वही घ्यायची आणि आठवडाभर प्रत्येक भडक्याच्या आधीची दहा मिनिटं लिहायची : वेळ काय, कोण बोललं, किती जण बोलत होते, टीव्ही चालू होता का, रात्री झोप किती, पोटात काय. ‘उगाचच भडकतो’ हे वाक्य अशा वहीपुढे फार दिवस टिकत नाही. शाळेतून आल्यानंतरचा तास, कार्यक्रमात आयत्या वेळी झालेला बदल, दोघांनी एकदम दिलेल्या सूचना, डोकेदुखी अशी ठिकाणं त्यात दिसू लागतात. मार बसलेल्या मेंदूला साधं वर्गात बसणंही फार दमवतं. घरी आलेला मुलगा थकलेला दिसत नाही, चिडलेला दिसतो.

याच वहीत औषधांचीही नोंद हवी. फिट येऊ नये म्हणून सर्रास दिल्या जाणाऱ्या लेव्हेटिरासेटॅम या औषधाने काही रुग्णांत चिडचिड आणि आक्रमकपणा वाढतो, हा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. गोळी सुरू झाल्यानंतर वागणं बिघडलं असेल तर ते डॉक्टरांना सांगावं. गोळी मनाने बंद मात्र करू नये. एकाएकी बंद केल्याने फिट येऊ शकते. कमी ऐकू येणं, दुहेरी दिसणं, झोपेचा बिघाड, संप्रेरकांची कमतरता याही गोष्टी ‘ऐकत नाही’ या तक्रारीमागे लपलेल्या असू शकतात.

दुसरं काम भाषेचं. ‘किती वेळा सांगायचं तुला? जरा शहाण्यासारखा वाग’ या वाक्यात मुलाने करण्यासारखं काहीच नाही. ‘आंघोळ. मग पोहे.’ यात आहे. ‘का केलंस असं?’ हा प्रश्न तर टाळलेलाच बरा; त्याचं उत्तर शोधायला जे लागतं तेच कमी पडतंय. दोन पर्याय दिले की तिढा सुटतो : आधी गणित की आधी चहा? त्यामुळे या वयाला हवी असलेली सत्ताही थोडी त्याच्या हाती राहते. गेम बंद करायचा असेल तर दहा मिनिटं आधी सांगायचं, मग पाच मिनिटं आधी. आणि शक्य तिथे आईच्या आवाजाऐवजी मोबाइलचा गजर लावायचा. गजराशी वाद घालता येत नाही.

इल्व्हिसेकर आणि फीनी यांनी मुलांना प्रत्येक कामासाठी एक ठरावीक क्रम दिला : काय करायचंय, कसं करायचं, करून बघ, कसं झालं ते बोलू. कागदावर, रोज, त्याच चार पायऱ्या. बेत मुलाने मांडायचा, मोठ्यांनी फक्त चौकट धरायची. अवघड कामाच्या आधी हमखास जमणारी दोन-तीन सोपी कामं ठेवायची, म्हणजे नकाराने सुरुवात होत नाही. आधार हळूहळू, महिन्यामहिन्यांनी काढायचा. ‘पंधरा दिवस छान वागला, आता तक्ता काढून टाकू’ इथे बहुतेक घरं घसरतात.

भडका उडालाच तर तो समजावण्याचा प्रसंग नव्हे. आवाज खाली, वाक्यं तोकडी, समोर एकच मोठा माणूस, धाकटी भावंडं दुसऱ्या खोलीत. ओसरल्यावरही प्रवचन नको. सांडलेली आमटी दोघांनी मिळून पुसायची. परिणाम असावा, पण लगेचचा, छोटा आणि त्या कृतीशी जोडलेला. घरात नियम तीनच ठेवावेत, पण ते मोडायचे नाहीत : अंगावर हात टाकायचा नाही, औषध चुकवायचं नाही, गाडीची किल्ली घ्यायची नाही. बाकी केस किती वाढवलेत, खोली किती पसरली आहे, यावर पाणी सोडायचं.

एकत्र कुटुंबात हे सगळं दुप्पट अवघड. आईने नाही म्हटलेलं आजोबा हळूच देतात, काका येता-जाता टोमणा मारतो. आणि दिवाळी तर अशा मुलासाठी वर्षातला सगळ्यात कठीण आठवडा. पहाटे उठवणं, जागरणं, फटाके, घरभर पाहुणे, प्रत्येकाचं ‘ओळखलंस का मला?’ रोजची चाकोरी पाच दिवस मोडते आणि भाऊबीजेपर्यंत भडका ठरलेला. पाहुण्यांना आधी फोन करून सांगणं, मुलाला निघून जाऊन बसायला एक शांत खोली राखून ठेवणं, आणि कुठल्या दोन कार्यक्रमांना यायचं ते त्यालाच ठरवू देणं, हे फराळाच्या यादीइतकंच आधी व्हायला हवं.

एका जेवणाच्या टेबलावरचा वाद

मात्र प्रत्येक नकार इजेच्या खात्यावर टाकता येत नाही. पंधरा-सतराव्या वर्षी आई-बापांना नाही म्हणणं हे वाढीचंच काम आहे. मार बसलेल्या मुलालाही त्याचा हक्क आहे.

केव्हिन पिअर्स हा अमेरिकेचा स्नोबोर्डिंगपटू तेव्हा २२ वर्षांचा होता, व्हँकुव्हरच्या हिवाळी ऑलिंपिकचा दावेदार. ३१ डिसेंबर २००९ रोजी युटा राज्यातल्या पार्क सिटीत सरावादरम्यान तो तोंडावर आदळला. हेल्मेट होतं, तरी मेंदूला जबर इजा झाली. डेन्व्हरजवळच्या क्रेग हॉस्पिटलात पुनर्वसन झालं, तो चालू-बोलू लागला आणि त्याने जाहीर केलं : मी पुन्हा उतरणार. ल्युसी वॉकर यांच्या ‘द क्रॅश रील’ या २०१३च्या माहितीपटात पिअर्स कुटुंबाचे जेवणाच्या टेबलावरचे वाद जसेच्या तसे दिसतात. आई, वडील, भाऊ एकेक करून सांगतात, केव्हिन हटत नाही. डाउन सिंड्रोम असलेला त्याचा भाऊ डेव्हिड सगळ्यात सरळ बोलतो : तू मरशील याची मला भीती वाटते. आपल्याला काय झालंय हे केव्हिनला दिसत नव्हतं, आणि त्याच वेळी आयुष्यभर जे केलं ते हातातून जाऊ नये असंही त्याला वाटत होतं. दुसरी गोष्ट कुठल्याही माणसाला वाटली असती.

त्या घराने काय केलं, तेही माहितीपटात दिसतं. कुणी टेबल सोडून गेलं नाही. तोच वाद डॉक्टरांसमोर झाला. ज्याला दुसऱ्यांदा मार बसून फार मोठं नुकसान झालं होतं, अशा एका तरुणाला केव्हिन भेटला. उपदेशाने जे पोचलं नव्हतं ते त्या भेटीने पोचलं. तो डिसेंबर २०११मध्ये बर्फावर गेला, पण मित्रांसोबत साधं घसरायला. स्पर्धा त्याने सोडली.

दुसऱ्या माराची भीती पोकळ नाही. २००६मध्ये वॉशिंग्टन राज्यात झॅकरी लिस्टेट हा तेरा वर्षांचा मुलगा अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात डोक्याला लागल्यावरही पुन्हा मैदानात उतरला आणि मेंदूत रक्तस्राव होऊन त्याला आयुष्यभराचं अपंगत्व आलं. त्याच्या नावाने २००९मध्ये तिथे कायदा झाला : डोक्याला मार लागल्याचा संशय असलेल्या मुलाला वैद्यकीय लेखी परवानगीशिवाय खेळायला परत पाठवायचं नाही. पाच वर्षांत अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांत असे कायदे आले.

आपल्याकडे हा वाद बर्फावरून नव्हे, दुचाकीच्या किल्लीवरून होतो. ‘माझे सगळे मित्र चालवतात.’ हे खरंही असतं. पण २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९९-अ आहे : अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. ‘मी देत नाही’ यापेक्षा ‘कायदा देत नाही’ हे वाक्य घरात कमी भांडण लावतं, असा त्याचा एक घरगुती उपयोग.

यादीत नसलेली इजा

अमेरिकेने १९९०मध्ये विशेष शिक्षणाच्या कायद्यात ‘मेंदूला झालेली इजा’ हा स्वतंत्र प्रकार घातला. शाळेला अशा मुलासाठी लेखी योजना करावी लागते. आपल्या २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यांत अपघाताने मेंदूला झालेली इजा वेगळ्या नावाने नाही. मग प्रमाणपत्रासाठी मुलाला दुसऱ्या एखाद्या रकान्यात बसवावं लागतं : हात-पाय अधू असतील तर चलनवलन, नाहीतर बौद्धिक अक्षमता किंवा मानसिक आजार. ज्याचा बुद्ध्यांक शंभर आहे आणि हात-पाय ठीक आहेत, पण दप्तर भरता येत नाही, तो रकान्यांच्या मधल्या फटीत पडतो. दहावीच्या परीक्षेतला लेखनिक किंवा जादा वेळ प्रमाणपत्रावर अवलंबून; ते नाही तर मुलगा नुसताच ‘अभ्यास न करणारा’.

या फटीतून खाली घसरणाऱ्यांचं काय होतं, याची कल्पना इंग्लंडमधून येते. एक्सेटर विद्यापीठाचे ह्यू विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी २०१०मध्ये गुन्ह्यांत अडकलेल्या किशोरवयीन मुलांना विचारलं, तेव्हा ४६ टक्के मुलांनी शुद्ध हरपण्याइतका मार डोक्याला कधीतरी बसल्याचं सांगितलं. मार बसला म्हणून मुलं गुन्हेगार होतात असा याचा अर्थ नाही. गरिबी, व्यसन, घरातली हिंसा सोबत असतेच. पण या मुलांमधल्या जवळपास निम्म्यांचा इतिहास त्यांच्या शाळांना ठाऊक होता का, हा प्रश्न उरतो.

शाळेकडे जाताना हातात हवा न्यूरोसायकॉलॉजिस्टचा अहवाल. सीटी स्कॅन मेंदू कसा दिसतो ते सांगतो. हा अहवाल मूल काय करू शकतं आणि कुठे अडतं ते सांगतो. बंगळुरूच्या निमहान्सने अशा तपासण्या भारतीय रुग्णांसाठी बसवल्या आहेत आणि डोक्याला मार बसलेल्यांसाठी लक्ष, स्मृती, नियोजन यांचे सराव तयार केले आहेत. शाळेकडे मागायच्या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत : पुढचा बाक, फळ्यावर लिहिलेला गृहपाठ, मधल्या सुट्टीत शांत जागा, एकावेळी एकच सूचना, आणि मुलाला बिनबोभाट वर्गाबाहेर जाता येईल असं शिक्षकाशी ठरवलेलं एखादं कार्ड.

बाकीची माणसं

व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या अमेरिकी सैनिकांच्या घरांचा अभ्यास करताना संशोधक पॉलिन बॉस यांना आढळलं, की ज्या दुःखाला तेरावं करता येत नाही ते माणसाला सगळ्यात जास्त गुंतवून ठेवतं. पुढे त्यांनी हाच विचार स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या घरांना लावला. मेंदूला मार बसलेल्या मुलांच्या घरांनाही तो लागू पडतो. मुलगा समोर जेवतोय आणि तरी आधीचा मुलगा गेलाय. त्याच्यासाठी रडावं तर लोक म्हणतात, वाचला ना, अजून काय हवं?

धाकट्या भावंडाच्या वाट्याला तर शहाणपणच येतं. ‘तू तरी त्रास देऊ नकोस’ हे वाक्य ऐकत ते मोठं होतं. आठवड्यातली एक संध्याकाळ फक्त त्याची असेल, एवढं तरी घराने त्याला द्यायला हवं.

सिनसिनाटीच्या मुलांच्या रुग्णालयात शारी वेड यांनी दोन हजारच्या दशकापासून अशा कुटुंबांसाठी इंटरनेटवरून प्रशिक्षण उभं केलं. आई-बाप, मुलगा आणि भावंडं एकत्र बसतात. समुपदेशक व्हिडिओवर असतो. आठवड्याला एक अडचण घ्यायची आणि पायरीपायरीने सोडवायची. वयाने मोठ्या मुलांना आणि कमी उत्पन्नाच्या घरांना याचा अधिक फायदा झालेला दिसला. मोठ्या शहरांपासून लांबच्या तालुक्यांत, जिथे न्यूरोसायकॉलॉजिस्ट सोडाच, मानसोपचारतज्ज्ञही जिल्ह्याच्या ठिकाणीच भेटतो, तिथे ही पद्धत आणायला फार मोठी यंत्रणा लागणार नाही. सध्या हाताशी आहे ती ‘टेली-मानस’ ही ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू झालेली सरकारी सेवा : १४४१६, दिवसरात्र, मोफत, मराठीतही. मुलगा हात उचलू लागला असेल, जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा करत असेल, किंवा मारहाण सोसून आई गप्प राहत असेल, तर तो प्रश्न घरापुरता ठेवायचा नसतो.

आणि अठरावं वर्ष फार लांब नसतं. त्या दिवशी कायद्याच्या लेखी तो सज्ञान होतो : सही त्याची, बँक खातं त्याचं, उपचाराला नकारही त्याचा. पालकत्व पुढे चालू ठेवण्याची सोय असलेला १९९९चा राष्ट्रीय न्यास कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चारच गटांना लागू आहे. मेंदूला मार बसलेला, पण बोलता-चालता मुलगा त्यात सहसा येत नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली सज्ञान व्यक्ती आपला प्रतिनिधी नेमू शकते आणि आजारपणात कसे उपचार हवेत ते आधी लिहून ठेवू शकते. मानसिक आजाराच्या उपचारांपुरती ती वाट खुली आहे. बाकीची तयारी सतराव्या वर्षी घरातच करावी लागते. खर्चाचं एक छोटं खातं वेगळं, यूपीआयची रोजची मर्यादा पाचशे रुपये, मोठ्या खरेदीआधी चोवीस तास थांबायचं, कुणालाही ओटीपी सांगायचा नाही, आणि अडचण आली तर फोन करायचे तीन नंबर. ही यादी वडिलांनी करून भिंतीवर लावली तर ती आठवडाभरात फाडली जाते. पेन त्याच्या हातात देऊन, दोन-तीन बैठकांत, त्याच्या हरकती मान्य करत करत लिहिली तर ती टिकण्याची शक्यता जास्त.